राउटर बंद करून चालू करा!

घरातलं इंटरनेट बंद पडतं. ग्राहक तक्रारीसाठी फोन लावतो, ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे तीनदा ऐकतो आणि अखेर पलीकडे माणूस भेटतो. तो म्हणतो, ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू करा.’ ग्राहक करतो. डबीवरचा लाल दिवा जिथल्या तिथे. ‘आता मागची पिन काढून परत लावा.’ तेही होतं. लाल दिवा ढिम्म. मग तक्रार नोंदवली जाते, उद्यापर्यंत माणूस येईल असं सांगितलं जातं, आणि ज्याची ऑफिसची मीटिंग अर्ध्यात तुटली तो मोबाइलची रेंज शोधत गॅलरीत जातो.

त्या लाल दिव्याखाली बहुधा ‘एलओएस’ अशी तीन अक्षरं असतात. केबलमधून यायला हवा तो प्रकाश येत नाहीये, एवढंच ती सांगतात. राउटरचं सॉफ्टवेअर अडकलं असेल तर बंद-चालूचा उपाय लागू पडतो. प्रकाशच येत नसेल तर डबी दिवसभर बंद-चालू करत बसलं तरी काही होणार नाही. वाट कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे, सैल झाली आहे किंवा मळली आहे. आणि यातली गोम अशी, की ग्राहकाने फोन उचलायच्या आधीच कंपनीला हे कळू शकतं.

घरोघरी आलेलं फायबर बहुतांश जीपॉन पद्धतीवर चालतं. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमध्ये शिरतो, तिथे त्याचे ३२ किंवा ६४ वाटे होतात आणि एकेक वाटा एकेका घरात जातो. केंद्रातल्या यंत्राला प्रत्येक घरातली डबी दिसत असते. एकच डबी दिसेनाशी झाली तर दोष त्या घराच्या शेवटच्या वायरीत शोधायचा. स्प्लिटरवरच्या सगळ्याच गेल्या तर मागच्या मुख्य तंतूत. घरातली वीज गेली तर तेही कळण्याची सोय या पद्धतीत आहे. वीज जाताना डबी आत उरलेल्या क्षणभराच्या विजेवर ‘माझा पुरवठा गेला’ असा निरोप पाठवते आणि मग विझते. तंतू तुटला तर असा निरोप येत नाही. शिवाय आपल्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय हे डबी स्वतः मोजते आणि तो आकडा केंद्रात बसून वाचता येतो. मग ‘घरात लाइट आहे का?’ आणि ‘दिवा कोणत्या रंगाचा लागलाय?’ हे प्रश्न ग्राहकाला कशासाठी? तंत्रज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. फोनवर बसवलेल्या माणसापुढे ती स्क्रीन ठेवण्याची कुणाला गरज वाटत नाही, म्हणून.

फायबरच्या जाळ्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते किलोमीटरमध्ये आणि एमबीपीएसमध्ये. किती केबल टाकली, किती स्पीड दिला. जाळं बिघडतं मात्र बहुतेकदा जोडावर, आणि जोडाला, तो जोडणाऱ्याला, त्याच्या नोंदीला कुणी वाली नाही. खरं दुखणं हे आहे.

काचेला दोष देण्यात तर अर्थच उरलेला नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं होतं की किलोमीटरमागे २० डेसिबलहून कमी तूट होईल इतकी शुद्ध काच बनली तर तिच्यातून दूरसंचार शक्य आहे. तेव्हा ते अशक्यप्राय वाटत होतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तो टप्पा गाठला, आणि काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची तूट किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल असते. म्हणजे एखादा मळका कनेक्टर एक डेसिबल खात असेल तर तो पाच किलोमीटर काचेएवढं नुकसान एका जागी करतो.

हिशेब किती काटेकोर आहे ते पाहण्यासारखं आहे. तीन डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. दहा गेले म्हणजे दहावा भाग उरला. वीस गेले तर शंभरावा. जीपॉनच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्गात केंद्रापासून घरापर्यंत २८ डेसिबलची तूट चालते. त्यातले सुमारे १७ एकटा ३२ वाट्यांचा स्प्लिटर घेतो. तंतू २० किलोमीटर लांब असेल तर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे, ज्याची तूट १५५० पेक्षा जास्त असते, आणखी ७ जातात. उरले चार. या चारांत वाटेतले सगळे जोड, सगळे कनेक्टर, भिंतीतली सगळी वळणं आणि पुढल्या दहा वर्षांत होणाऱ्या दुरुस्त्या बसवायच्या. शहरात अंतर कमी असतं, म्हणून थोडी सवड मिळते. डबीला किमान लागणारा प्रकाश मायनस २७ डीबीएम, म्हणजे एका वॅटचा पाच लाखावा भाग. एवढ्याशा उजेडावर मुलाचा क्लास, आजीची मालिका आणि बापाची मीटिंग एकाच वेळी चालते. लाइनवर काम करणारी पोरं हा आकडा तोंडपाठ बोलतात. ‘बावीस येतंय, ओके आहे.’ ‘अठ्ठावीस येतंय, लॉस आहे कुठेतरी.’ मायनस म्हणायची तसदी कुणी घेत नाही.

आता हा लॉस येतो कुठून?

इमारतीच्या जिन्यात, मीटरच्या पेट्यांशेजारी एक प्लॅस्टिकची डबी असते. झाकण अर्धवट लागलेलं, आत पिवळ्या-काळ्या वायरींचा गुंता, तळाला रंगाचे पोपडे आणि सिमेंटची भुकटी. तक्रारीवर आलेला माणूस तिथला हिरवा कनेक्टर उपसतो, त्यावर जोरात फुंकर मारतो, शर्टाच्या टोकाला घासतो आणि परत दाबतो. टक् असा आवाज होतो. दिवा हिरवा झाला की तक्रार बंद.

त्या कनेक्टरच्या तोंडाशी अडीच मिलिमीटर जाडीची पांढरी सिरॅमिकची नळी असते. तिच्या मधोमध काचेचा तंतू, आणि त्या तंतूच्याही मधोमध प्रकाश वाहणारा गाभा. गाभ्याचा व्यास अवघा नऊ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभराहून जास्त भाग केले तर त्यातला एक. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण बरोबर तिथे बसला तर वाट अडते. फुंकरीबरोबर लाळेचे थेंब जातात, शर्टाबरोबर घाम आणि धागे. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंगच्या दाबाने दोन नळ्या एकमेकींवर बसतात तेव्हा मधला कण चिरडला जातो आणि काचेवर कायमचा ओरखडा ठेवून जातो. समोरच्या चांगल्या कनेक्टरवरही. म्हणून जगभर नियम असा आहे की आधी सूक्ष्मदर्शकातून तोंड पाहायचं, मळकं असेल तर पुसायचं, पुन्हा पाहायचं आणि मगच जोडायचं. पिशवीतून नुकतीच काढलेली कोरी पॅचकॉर्डसुद्धा याला अपवाद नाही, कारण तिच्या टोपणातच बऱ्याचदा घाण असते. पुसायला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, किंवा पेनासारखा दाबायचा क्लीनर लागतो. टोकं किती स्वच्छ असावीत याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. हे सामान प्रत्येक माणसाच्या बॅगेत असायला हरकत नसावी. प्रत्यक्षात बॅगेत असतो तो बहुधा स्क्रूड्रायव्हर.

रंगांचीही एक गंमत आहे, आणि ती महागात पडते. हिरव्या कनेक्टरचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकाच खोबणीत आरामात बसतात, टक् असा आवाजही दोघांचा सारखाच. पण तिरक्यासमोर सरळ आलं की मधे हवेची फट राहते आणि प्रकाश तिथेच सांडतो. जिथे जाण्याचा आणि येण्याचा तंतू वेगळा असतो, तिथे दोन्ही टोकं अदलाबदल होणं हाही नेहमीचा घोळ. सगळं नवं, सगळं घट्ट, आणि लिंक मात्र लागत नाही.

सैल जोडाने केलेला सगळ्यात मोठा तमाशा मात्र कुठल्या जिन्यात घडला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, ७३० किलोमीटरवर, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. आइनस्टाइन चुकला काय, अशी चर्चा जगभर उसळली. गटाने तीन वर्षांच्या नोंदी चाळल्या होत्या, अंतर २० सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये कारण समोर आलं. जीपीएसची वेळ जमिनीवरून खालच्या प्रयोगशाळेत आणणाऱ्या सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या फायबरचा कनेक्टर शेवटी नीट बसलेला नव्हता. प्रकाश पोचत होता, पण क्षीण. त्यामुळे तो टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला संकेत ओळखायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. तो उशीर ७० नॅनोसेकंदांहून थोडा अधिक. घड्याळाच्या दुसऱ्या एका दोषाने त्यातला काही भाग उलट दिशेने झाकला होता. त्याच डोंगराखालच्या इकारस प्रयोगानेही पुढच्या महिन्यात न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळतो असं दाखवलं. मार्चअखेर ऑपेराचे प्रवक्ते अँटोनियो एरेडिटाटो आणि समन्वयक दारियो ऑटिएरो पदावरून पायउतार झाले.

या घटनेवर विनोद पुष्कळ झाले. पण लाइनवरच्या माणसाला त्यातलं नेमकं दुखणं लगेच ओळखू येईल. तो कनेक्टर पूर्ण निसटला असता तर त्याच दिवशी कुणीतरी खाली जाऊन बसवला असता. अर्धवट बसलेला जोड काम करत राहतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. घरोघरच्या तक्रारींतही हाच प्रकार छळतो. इंटरनेट सकाळी चालतं, दुपारी अडखळतं, तक्रार करावी तर माणूस येईपर्यंत पुन्हा सुरू. मायनस २७ च्या काठावर रेंगाळणारी लाइन उन्हाने, वाऱ्याने किंवा दार आपटल्याने पलीकडे जाते आणि परत येते. मग ग्राहक राउटर बदलतो, प्लॅन बदलतो, शेवटी कंपनी बदलतो. पलंगाच्या पायाखाली चेपलेली वायर तशीच राहते.

वायर चेपली की कनेक्टर मळला, हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. वळणावर लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी आणि जास्त गळतो. म्हणून तोच तंतू १३१० आणि १५५० नॅनोमीटरवर मोजायचा. १५५० वर तूट फुगली आणि १३१० वर विशेष काही नाही, तर कुठेतरी वायर खिडकीच्या गजाला करकचून बांधलेली आहे किंवा खिळ्याखाली मुडपली आहे. दोन्हींवर सारखीच असेल तर घाण किंवा कच्चा जोड. घरातल्या घरात तुटलेली जागा शोधायला लाल उजेडाचा साधा पेन पुरतो. पिवळ्या वायरीत जिथे तडा आहे तिथे बाहेरूनही लाल चमक दिसते. (केबलच्या टोकात डोळा घालून ‘उजेड येतोय का’ पाहणारे महाभाग असतात. नेटवर्कचा प्रकाश अवरक्त, म्हणजे न दिसणारा असतो, आणि तो डोळ्याला इजा करू शकतो.)

रस्त्याखालच्या दोषासाठी ओटीडीआर लागतो. हे यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या अंधुक पडसादावरून दोष किती अंतरावर आहे ते सांगतं. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला पाच मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे गणित सरळ आहे. एका टोकाकडून पाहिलं तर काही जोडांवर प्रकाश वाढल्याचा भासही होतो, म्हणून जाणकार दोन्ही टोकांनी मोजून सरासरी काढतात. समजा, यंत्र म्हणालं, दोष २,१४० मीटरवर. पण २,१४० मीटर कशाचे? तंतूचे. केबलच्या आत तंतू जरा पीळ घालून ठेवलेला असतो, म्हणजे केबलपेक्षा लांब. शिवाय जागोजागी खड्ड्यांत पुढच्या दुरुस्तीसाठी केबलची वेटोळी सोडलेली असतात. कोणत्या खड्ड्यात किती मीटर सोडली याची नोंद असेल तर माणसं नेमकी त्या चेंबरवर जाऊन झाकण उघडतात. नोंद नसेल तर पानटपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत तीन ठिकाणी खणतात, आणि खणताना दुसऱ्याची केबल तोडतात.

तोडण्याचे आकडे सरकारनेच दिलेले आहेत. २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं तेव्हा सांगण्यात आलं की बेफाम खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटतं आणि त्यात अंदाजे ३,००० कोटी रुपये जातात. जेसीबी चालवणाऱ्याने आधी ॲपवर सांगायचं, मग केबलवाल्याला कळणार, मग खोदायचं. कल्पना चांगलीच आहे. पण केबल जमिनीत नेमकी कुठे आहे हे मालकालाच माहीत नसेल तर तो ॲपवर काय सांगणार? बाकी केबल तोडायला जेसीबीच लागतो असंही नाही. मार्च २०११ मध्ये जॉर्जियात तांबं शोधत जमीन उकरणाऱ्या एका वृद्ध बाईच्या हातून केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियातलं बहुतांश इंटरनेट कित्येक तास बंद होतं. वाराणसीत घाटावरच्या वाय-फायची केबल माकडांनी कुरतडल्याची बातमी २०१५ मध्ये जगभर छापून आली. मुंबई-पुण्यात झाडांवरून, दिव्याच्या खांबांवरून लोंबणाऱ्या केबल उंच गणेशमूर्तींच्या वाटेत येतात. कुठे बांबूने उचलल्या जातात, कुठे सरळ कापल्या जातात.

आणि दर वेळी तुटलेली केबल जोडली की नवे जोड तयार होतात. मधला तुकडा बदलावा लागला तर दोन ठिकाणी, आणि केबल ४८ तंतूंची असेल तर एकेका ठिकाणी ४८ वेळा. आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, काटकोनात छेद घ्यायचा, यंत्रात दोन टोकं समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवायची, वर नळी चढवून तापवायची, ट्रेमध्ये मुडपणार नाही अशी गुंडाळायची. नीट केलं तर जोडावर ०.१ डेसिबलही जात नाही. पावसात, रस्त्याच्या कडेला, मोबाइलच्या टॉर्चखाली, ‘लवकर कर, वरून फोन येतायत’ हे ऐकत केलं तर किती जाईल हे त्या रात्री कुणी मोजत नाही. लिंक आली, गाडी निघाली. पुढच्या पावसाळ्यात जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरतं तेव्हा तोच जोड पुन्हा वर येतो.

गावांकडे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट नाव मिळालेली योजना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायला निघाली. महाराष्ट्रात तिचा मोठा भाग महानेट म्हणून राबवला गेला. सुरुवातीची रचना मुख्यतः सरळ रेषेतली होती: तालुक्यापासून निघालेली केबल गावोगाव पुढे. मधे एका ठिकाणी रस्ता रुंदीकरणात ती तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. जिथे आधीचं फायबर पडून होतं तिथे तेच वापरून पुढे नवं जोडलं गेलं, म्हणजे जुन्या जोडांचं ओझं घेऊनच सुरुवात. अहवालात मात्र ग्रामपंचायत ‘सेवेसाठी सज्ज’ लिहिली की ती सज्जच राहते. ग्रामसेवक दाखले काढायला मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसला असला तरी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात वलयाकार रचना आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील, आणि दहा वर्षांच्या देखभालीचा समावेश आहे. दिशा बरोबर आहे. बारा वर्षं उशिराने सुचलेली असली तरी.

पण देखभालीचे पैसे कशाबद्दल द्यायचे, हा प्रश्न उरतोच. केबल टाकण्याचं बिल मीटरवर निघतं, घरच्या कनेक्शनचं नगावर. बहुतेक ठिकाणी जोडणारा माणूस कंत्राटदाराच्याही कंत्राटदाराकडे असतो आणि दिवसाला किती घरं उरकली यावर त्याचं भागतं. एका तोंडाची तपासणी, पुसणी आणि पुन्हा तपासणी यात दहा मिनिटं घालवली तर ती त्याच्या खिशातून जातात. त्याला फुंकर मारू नकोस म्हणून उपदेश करणं सोपं आहे. टेलिकॉमच्या कौशल्य अभ्यासक्रमांत ऑप्टिकल फायबर स्प्लायसर हे स्वतंत्र काम म्हणून नोंदलेलं आहे, प्रमाणपत्र मिळतं. ते असलेल्याला नसलेल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतील अशी एकही अट निविदेत नसेल तर कोण कशाला शिकेल?

म्हणून निविदेत दोनच गोष्टी घातल्या तरी पुष्कळ फरक पडेल. प्रत्येक जोडाचं दोन्ही टोकांनी घेतलेलं ओटीडीआर मोजमाप आणि खड्ड्याखड्ड्यातल्या वेटोळ्यांची लांबी नकाशावर चढल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आणि दुरुस्तीचा मोबदला तक्रार बंद केल्याबद्दल न देता, दुरुस्तीनंतर महिनाभर प्रकाश ठरलेल्या पातळीवर टिकल्याबद्दल द्यायचा. तो टिकला की नाही हे केंद्रातल्या यंत्राला रोज दिसतंच.

घरगुती ग्राहकाच्या बाबतीत मागणी त्याहून साधी आहे. कनेक्शन दिलं त्या दिवशीचा प्रकाशाचा आकडा त्याच्या बिलावर छापावा आणि आजचा आकडा कंपनीच्या ॲपमध्ये, उरलेल्या डेटाशेजारी दाखवावा. असले तांत्रिक आकडे सामान्य माणसाला कळणार नाहीत, त्याचा गोंधळ होईल, असं कंपन्या म्हणतील. साखरेच्या रिपोर्टातलं एचबीए१सी वाचून एकमेकांना पथ्य सांगणाऱ्या लोकांबद्दल ही काळजी आहे. बिलावर आकडा यायला लागू दे; ‘आमचं बावीस, तुमचं किती?’ अशी विचारणा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू व्हायला एक पावसाळा पुरे, आणि अठ्ठावीसवाल्याला राउटर बंद करून चालू करायला सांगणाऱ्याची मग काही खैर नाही.